कार्डावर एकच पाहुणी

आमच्याकडे चहाला आल्या की सिस्टरबाई कधी बसत नसत. ओट्याला टेकून, उभ्यानेच कप संपवत आणि तो विसळूनही टाकत. बसा म्हटलं की म्हणत, "बसली का डोकं चालू होते वं. उभी राह्यली तं पाय चालतात, डोकं गप राह्यते."

सेवाग्रामच्या दवाखान्यात त्यांनी उभी हयात नर्स म्हणून काढली. निवृत्तीनंतर नालवाडीत आमच्या शेजारी राहायला आल्या. गल्लीत कुणाला ताप आला की सांगायच्या आत त्या दारात हजर. गेल्या वर्षी त्या गेल्या. पण मला त्या आठवतात त्या नागपूरच्या विमानतळावरच्या.

त्यांची धाकटी बहीण सुमी बंगलोरला असे. आईला शेवटच्या आजारात तिने आपल्याकडे नेलं होतं. आई तिथेच गेली. तेराव्याला सिस्टरबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "माझ्या हातात असती तं माय जगली असती." त्यानंतर नऊ वर्षं दोघी बोलल्या नाहीत. मग एका सकाळी भाचीचा फोन आला. सुमी दवाखान्यात होती आणि डॉक्टरांनी नातेवाइकांना बोलावून घ्यायला सांगितलं होतं. "तू चाल माझ्यासंगं," बाई मला म्हणाल्या. दुपारी आम्ही विमानतळावर होतो.

विमान दोन तास लेट. बाईंच्या मुलाने आपल्या क्रेडिट कार्डावर आईच्या नावाचं जोडकार्ड काढून दिलं होतं. ते दाखवलं की लाउंजमध्ये बाई आणि सोबत एक पाहुणी, फुकट. मी त्यांना ओढतच आत नेलं. मऊ सोफे, गरम उपमा, थंड हवा. मी बशी भरून घेतली. बाई मात्र फेऱ्या मारत होत्या. टेबलावरचे चमचे सारखे करत, घड्याळ पाहत, पुन्हा विमानांच्या वेळांच्या पाटीपाशी जात. "अजून एक तास लिहून राह्यले वं! तोवर सुमी थांबते का?" म्हणत बाहेर पडल्या.

पाच मिनिटांनी दारातून त्यांचा आवाज आला. सोबत एक तरुण मुलगी, खांद्यावर रडणारं तान्हं बाळ.

"कार्डावर एकच गेस्ट आहे मॅडम," काउंटरवरची पोरगी सांगत होती. "तुमच्या गेस्ट आत आहेत."

"मंग थे बाहेर येते. माणूस तं एकच राह्यलं ना?"

"एकदा एंट्री झाली की बदलता येत नाही."

"इच्या पोटाले टाके आहेत. चालणं पाह्य इचं. बाहेर एक खुर्ची रिकामी नाई."

काउंटरवरच्या पोरीने त्या आईकडे पाहिलं आणि ती निमूटपणे बाजूला झाली. मी अर्धा उपमा टाकून बाहेर आले. काचेतून दिसत होतं: बाईंनी तिला कोपऱ्यातल्या सोफ्यावर टेकवलं, पाठीशी उशी दिली, आणि बाळाला खांद्यावर घेऊन त्या पुन्हा फेऱ्या मारू लागल्या.

विमानाची घोषणा झाल्यावर त्या बाहेर आल्या. रांगेत माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "सुमीनं तोंड फिरवलं तं?"



सुमीने तोंड फिरवलं नाही. बंगलोरच्या दवाखान्यात खाटेवर ती अगदी एवढीशी झाली होती. बहिणीला पाहून म्हणाली, "काऊन उशीर केला वं?"

"विमान लेट होतं."

"नऊ वर्षं?" असं म्हणून सुमी हसली. बाईंनी खाटेच्या कडेला डोकं टेकलं. सुमी त्यांच्या केसांतून हात फिरवत राहिली.

त्यानंतर चार दिवस सुमीचं अंग पुसणं, वेणी घालणं, तोंडात पाणी सोडणं सगळं बाईच करत होत्या. भाचीलाही हात लावू देत नव्हत्या. पाचव्या दिवशी पहाटे सुमी गेली.

मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाईंसाठी चहा घेऊन आले. त्यांनी कप हातात धरला, पण प्यायल्या नाहीत.

"मायले सुमीनं लई चांगलं पाह्यलं होतं," त्या म्हणाल्या. "माय जगणार नव्हती. कोणाच्याच हातात जगली नसती. मले माहीत होतं वं. तेराव्यालेही माहीत होतं."