सेल्मरचा टर्बो आणि तीनदा नको

सेल्मर ओडेगार्डने बायकोला सोडलं, ही बातमी सप्टेंबर संपता संपता नॉर्बी गावात पसरली, तेव्हा गावाला धक्का वगैरे बसला नाही. नॉर्थ डकोटात धक्का बसला तरी तो चेहऱ्यावर आणायची पद्धत नाही. चर्चच्या तळघरात कॉफी ओतता ओतता बायका एवढंच म्हणाल्या, "असं होय," आणि आणखी थोडी कॉफी ओतली. तपशील मात्र भक्कम होते. सेल्मर गॅरेजमध्ये राहायला गेलाय, ताट दारात नेऊन ठेवावं लागतं, आणि आर्डिस हल्ली नवऱ्याशी नाही, नवऱ्याच्या पायांशी बोलते.

यातलं पायांचं तेवढं खरं होतं. पायच दिसत होते, कारण उरलेला सेल्मर पिकअपखाली होता. बायकोला सोडण्याइतका उत्साह त्याच्यात कधीच नव्हता. जन्मभर त्याने शाळेची बस चालवली आणि एकदाही हॉर्न वाजवला नाही. हॉर्न वाजवायचा म्हणजे दुसऱ्याला काहीतरी सांगायचं. तेवढा आगाऊपणा करायला तो काय शेजारच्या मिनेसोटा राज्यातला होता?

झालं होतं असं, की त्याच्या डिझेल पिकअपचा दम गेला होता. सपाटीवर गाडी बरी चाले. पण चढ आला, की समोर पिवळा दिवा लागे, मागून काळा धूर निघे आणि सायकलवरची पोरं हात हलवत पुढे निघून जात. शोरूममधल्या तरुणाने गाडीला संगणक जोडला, चेहरा डॉक्टरासारखा केला आणि सांगितलं, "काका, टर्बो गेला. अख्खा बदलावा लागेल."

सेल्मर "बरं" म्हणाला. त्याचा अर्थ "गाढवा" असा होता, पण तरुण बाहेरगावचा असल्याने आभार मानून मोकळा झाला.

टर्बो गेलेला नव्हताच. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. त्याची हवा कधी जास्त, कधी कमी करायला टर्बोच्या कुशीला एक डबी असते, तिला ॲक्चुएटर म्हणतात. ही डबीच मेली होती. म्हणजे नोकर आजारी, आणि शोरूमवाले मालकाला पुरायला निघाले होते. सेल्मरने नवी डबी मागवली आणि गाडीखाली शिरला.

एरवी त्याने ही डबी वसंतापर्यंत चालढकल करून बदलली असती. पण मधे सोल्वीचा फोन आला होता. सोल्वी म्हणजे त्याची मुलगी. मोंटानात एका कुरणवाल्याशी लग्न करून गेली, तिथल्यासारखी मोठ्याने हसायला शिकली, आणि आता ते लग्न मोडलं होतं. रविवारपर्यंत तिला ते घर सोडायचं होतं. सामान दोन बॅगांत मावणारं होतं; दोन घोड्या मात्र बॅगेत मावत नव्हत्या. त्यांना आणायला ट्रेलर ओढणारी गाडी हवी, आणि मधे चढ हवे तेवढे. सोल्वीने फोनवर आईला नुसतं सांगितलं होतं, "बघू, करेन काहीतरी." मुलीने इतक्या वर्षांत बापाकडे काही मागितलं नव्हतं, आताही मागितलं नव्हतं. म्हणूनच सेल्मर लगोलग उठून गॅरेजमध्ये गेला होता.

पुढचं चाक काढलं, चिखल अडवणारी पत्री काढली, इंजिन थंड ठेवणारं कूलंट बादलीत सोडलं आणि बरंचसं बाहीत सोडलं. डबी चार बोल्टांवर होती. तीन दिसत होते. चौथा जिथे होता तिथे माणसाचा हात पोचू नये अशी कारखान्याची खास इच्छा असावी. बोल्ट गंजून असे बसले होते, जसे काही चर्चमधल्या मागच्या बाकावरचे म्हातारे. सेल्मर त्यांच्यावर तेल मारी, वाट बघे, पुन्हा तेल मारी. शिवी एकही नाही. फक्त मधून मधून गाडीखालून आवाज येई, "हं... हे जरा वेगळंच आहे." आर्डिसने एवढ्या वर्षांत ऐकलेली ती सगळ्यात घाण शिवी होती.

तेवढ्यात मेहुणा ओर्लिन आला. आर्डिसचा भाऊ. त्याची पेट्रोलवरची पिकअप इतकी चकचकीत असे, की कुत्रीसुद्धा तिच्या चाकांशी संकोचाने वागत. तो गाडीला रेलून पायांशी बोलायला लागला.

"काय दाजी, कसं चाललंय?"

"वाईट नाही," पाय म्हणाले.

"सोल्वीला मी आणू का? माझी गाडी काय, उभीच आहे."

"नको, कशाला."

"अहो, पण मला काही त्रास नाही."

"नको रे."

"बघा हं दाजी. खरंच आणतो."

"नको म्हटलं ना."

तीनदा झालं, संपलं. नॉर्बीत कुणी काही देऊ केलं, की पहिलं 'नको' सभ्यपणाचं, दुसरं खातरजमेचं, आणि तिसऱ्यांदा विचारलं, की "आता एवढं म्हणतोसच तर" म्हणायचं. तिसऱ्यांदाही नको म्हटलं, तर ते दगडावर कोरलेलं. ओर्लिन हे जाणून होता. सोल्वीला आणून पुढचे दहा नाताळ ती गोष्ट सांगायचा त्याचा बेत होता. तो पडलेल्या चेहऱ्याने परत गेला. म्हणजे चेहरा होता तसाच होता, पण चालताना त्याने गाडीवरून हात फिरवला नाही.

आणि मग वांडा आली.

वांडा समोरच्या घरात नवी राहायला आलेली. ओक्लाहोमाची. तेलविहिरींवरचे ट्रक दुरुस्त करी, गावाला ऐकू जाईल असं बोले, आणि ओळख असो नसो, माणसाला मिठी मारी. तिला येताना बघून सेल्मर गाडीखाली आणखी हातभर आत सरकला.

"अहो सेल्मरभाऊ!" वांडा खाली वाकून ओरडली. "ॲक्चुएटर बदलताय? मग तो लावायच्या आधी त्याला शिकवावं लागेल! टर्बोतली पाती कुठं बंद, कुठं उघडी, ते त्याला संगणकानं सांगायचं असतं. माझ्याकडे यंत्र आहे. आणू?"

सेल्मरला यंत्र हवंच होतं. डबीच्या खोक्यावर तसं लिहिलेलंही होतं. तेव्हा तो एखाद्या सुसंस्कृत माणसासारखा म्हणाला, "नको नको, कशाला तुम्हाला त्रास."

"बरं!" वांडा म्हणाली आणि गेली.

नुसती गेली. सेल्मर पाना हातात धरून दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत राहिला. रस्त्यापलीकडचं दार लागलेलं ऐकू आलं, तेव्हा त्याने पाना हळूच खाली ठेवला.

"ऐकलंस?" तो जेवताना आर्डिसला म्हणाला. "एकदा विचारलं. एकदाच!"

"आईबापांनी काही शिकवलं नसेल," आर्डिस हळहळली, आणि तिने त्याला तिसऱ्यांदा बटाटे विचारले.

वांडाला सुधारायची संधी द्यायची असं ठरलं. दुसऱ्या दिवशी सेल्मरने गॅरेजचं दार सताड उघडं ठेवलं. वांडा कामावर निघाली, तसा त्याने पाना फरशीवर टाकला. खणकन.

"सकाळ छान आहे हं, सेल्मरभाऊ!"

"हो. पण ही डबी काही..." सेल्मरने वाक्य अर्ध्यात सोडलं, म्हणजे ज्याला उचलायचं त्याने उचलावं.

"होईल होईल!" म्हणत वांडा निघून गेली.

संध्याकाळी आर्डिस स्वतः रूबार्बच्या आंबट देठांच्या गोड वड्या घेऊन समोर गेली. हवामानावर बोलली, वांडाच्या पडद्यांवर बोलली, निरोप घ्यायला दारात उभी राहून पुन्हा हवामानावर बोलली, आणि यंत्राचा 'य'सुद्धा न काढता परत आली. "मी भरपूर सुचवलं," ती म्हणाली. "पण ती वड्याच खात होती. पहिल्याच हाकेला घेतल्या, बाई!"

मग सेल्मरने ठरवलं, की डबीला शिकवायचं ते आपणच शिकवू. चारी बोल्ट आवळले, कूलंट भरलं, चाक चढवलं आणि गाडी गावाबाहेरच्या चढावर घातली. त्याचा विचार असा, की आपण बस शिकलो ती चालवूनच शिकलो, डबीही शिकेल. डबीने शिकण्याची काडीइतकी इच्छा दाखवली नाही. एक सोडून दोन पिवळे दिवे लागले, आणि गाडी धान्याच्या कोठारापर्यंत अशी आली, की मागे ट्रॅक्टरांची रांग लागली. नॉर्बीत कुणी हॉर्न वाजवत नाही, त्यामुळे रांग फारच शांत होती. त्या शांततेने सेल्मरचे कान लाल झाले.

घरी येतो तर फोन वाजत होता. सोल्वी.

"बाबा, ओर्लिनमामाचा फोन आला होता. त्याला वेळ आहे म्हणे. तू नको येऊस, उगाच दगदग."

म्हणजे दाजीकडे दगडावर कोरून घेतल्यावर ओर्लिन भाचीकडे वळला होता. पण सेल्मरला त्याचा राग यायलाही फुरसत झाली नाही. तो त्या 'नको'शी अडला. हे पहिलं नको होतं, की शेवटचं? मुलगी गावातून जाऊन इतकी वर्षं झालेली. मोंटानात लोक म्हणे एकदाच बोलतात आणि तेच खरं असतं. ती आता तिथल्यासारखी हसते. नकोही तिथल्यासारखंच म्हणत असली तर?

"मी येऊ का?" त्याने विचारलं.

"नको रे बाबा. लांब आहे."

आर्डिसने ओट्यावरचं फडकं घट्ट धरलं.

"येऊ ना गं?"

मग मुलगी बारीक आवाजात म्हणाली, "आता एवढं म्हणतोसच, तर ये."

सेल्मरने फोन ठेवला, खिडकीतून वांडाच्या घराकडे बघितलं, आणि टोपी घातली. रस्ता ओलांडायला दहा पावलं लागत असतील. पण माणूस निघाला असा, जसा काही पोहून समुद्र ओलांडायचाय. दारात उभा राहून त्याने आधी हवामानाचं काढलं. वारा सुटलाय, बर्फ लवकर पडणार, तुमची पडवी रंगवायला झालीय. वांडा दाराला टेकून ऐकत होती.

"सेल्मरभाऊ, गाडीचं काय झालं?"

"वाईट नाही." तो बुटांकडे बघत राहिला. मग त्याच्या घराण्यात आजवर कुणी केलं नव्हतं ते त्याने केलं. "ते यंत्र," तो म्हणाला. "मला हवंय. मुलीला आणायचंय."

वांडाने त्याला मिठी मारली. ती त्याने सोसली.

मग दोघं गाडीपाशी आली. वांडाने आवळलेले बोल्ट बघितले आणि कपाळाला हात लावला. "अहो, शिकवायच्या आधीच बसवलंत? काढा पुन्हा!" चाक पुन्हा निघालं, कूलंट पुन्हा बाहीत गेलं. पण बोल्टांना आता तेल मुरलेलं होतं, आणि शिवाय सेल्मर एका हाताने ते शोधायला शिकला होता. डबी बाहेर काढून नुसती वायरला जोडली, वांडाने यंत्रावर बटणं दाबली, तशी डबीतली चक्री कुरकुर करत आपल्या जागी फिरली. टर्बोतली पाती हाताने हलवून मोकळी आहेत याची खात्री केली. मग डबी बसवली, बोल्ट आवळले, पुन्हा बटणं दाबली. आतून सुस्कारा टाकल्यासारखा आवाज आला. इंजिन चालू केलं तर दिवा नाही, धूर नाही. सेल्मर म्हणाला, "हं, चालेल." यापेक्षा मोठा आनंद त्याने लग्नातही व्यक्त केला नव्हता.

आर्डिसने वड्या आणल्या. वांडाने एव्हाना गावाची रीत कुणाकडून तरी ऐकली असावी, "नको" म्हणाली. आर्डिसने पुन्हा विचारलं, "नको." तिसऱ्यांदा विचारलं, तर शहाणी उत्साहाच्या भरात पुन्हा "नको" म्हणून बसली. आर्डिसने ताट निमूटपणे आत नेलं. नवीन माणसाला शिकायला वेळ लागतोच.

रविवारी दुपारी सेल्मरची पिकअप ट्रेलर ओढत चर्चसमोरचा चढ चढून आली. आत सोल्वी होती, मागे दोन घोड्या, आणि धूर अजिबात नव्हता. चर्चच्या पायरीवर आर्डिस होती, ओर्लिन होता, वांडाही होती. बायकोला सोडलं म्हणणाऱ्या बायकाही होत्या, त्यांनी आर्डिसला विचारलं, "सगळं वाईट नाही ना?"

वांडा खिडकीपाशी गेली. "काय हो सेल्मरभाऊ, डबी उरावर घेऊन इतके दिवस झुरत बसलात! मी पहिल्याच दिवशी यंत्र देत होते. तेव्हाच नुसतं 'हो' म्हणायला काय झालं होतं?"

सेल्मरने सोल्वीकडे बघितलं, गाडी बंद केली आणि म्हणाला, "मी 'हो'च म्हणणार होतो. तुमचंच दोनदा विचारायचं राहिलं होतं."