एक्स-अक्षाला आम्ही पाणी म्हणतो

गणिताच्या क्लासमध्ये कसले किस्से, असं लोकांना वाटतं. आमच्या माणिकपूरच्या क्लासचे इतके साठलेत, की चहा संपतो, किस्से संपत नाहीत! फक्त हल्ली सांगताना हसू कमी आणि अंगावर काटा जास्त येतो.

*

क्लास राणे सरांचा, मी त्यांच्या हाताखाली. निम्मी मुलं पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली, म्हणून सरांनी एक्स-अक्षाला 'पाणी' नाव दिलं. रूट म्हणजे समीकरणाचं उत्तर, आलेख पाण्याला भेटतो ती जागा. रूट एकदाच आलं तर रेघ पाणी कापून पलीकडे, तेच दोनदा आलं तर टेकून माघारी.

"आणि रूटच नसेल तर?" एकाने सरांना विचारलं.

"मग तो बगळा आहे, उडू दे!"

*

एकदा भरदुपारी लाइट गेली. पडदे ओढलेले, वर्गात मिट्ट काळोख. फळ्यावर मी फक्त रूट्स लिहिली होती. लाइट आली तर पूर्ण आलेख काढलेला! मार्कर माझ्या खिशात.

राणे सरांनी चष्मा लावून तपासलं. "बरोबर आहे. मार्क कोणाला देऊ?"

कोणीच हात वर केला नाही.

*

तेव्हापासून सर फळ्यावर रेघ अर्धी ठेवून घरी जात नाहीत. का, ते सांगत नाहीत. मीही विचारत नाही, पगार तेच देतात!

*

कोळ्याची रोझलिन हुशार, पण आलेखाचा पाण्याखालचा भाग काढायचीच नाही. दर वेळी अर्धे मार्क जायचे.

"अगं, का?"

"तिथलं आपण बघायचं नसतं, सर."

*

आणि एका वादळी सकाळी तीच आली, डोळे सुजलेले. वडिलांच्या बोटीचा पत्ता नव्हता. "घरी सगळ्या रडतायत, म्हणून आले," म्हणाली. तिचं मन रमावं म्हणून मी तिला फळ्यावर बोलावलं. एक रूट एकदा, दुसरं दोनदा.

रेघ पहिल्या रूटवरून वर चढली, खाली उतरली आणि दुसऱ्या रूटला पाणी कापून सरळ खाली गेली. रोझलिनचा हात थांबेना.

"रोझलिन, ते दोनदा आलंय! टेकून वर!" मी ओरडलो. खालची ओली रेघ तळहाताने पुसली, निळा मार्कर हिसकावला आणि रेघ वर नेली.

दुपारी निरोप आला, बाबा सापडले.

आठवड्याने ते पापलेट घेऊन क्लासला आले. "बोट उलटली, सर. मी खाली चाललो व्हतो, डोक्यावर नुसतं पानी. तेवढ्यात कोनीतरी हाताला धरून वर वडलं."

"कोणी?"

"तोंड नाय दिसलं. तळवा तेवढा दिसला, निळा व्हता."