इंदूबाईंची हरकत

इंदूबाईंची सगळी नोकरी कर्जतच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं. भिसेगावात खोली घेऊन त्या एकट्या राहिल्या. निवृत्त झाल्यावर कळंबच्या रस्त्यावरच्या आपल्या सासरच्या गावी आल्या आणि वर्षाच्या आत घशाचा कॅन्सर निघाला. मुंबईला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. मानेतली नस दुखावल्यामुळे उजवा हातही कमजोर झाला. बोलणं गेलं, तसं लिहिणंही गेलं.

मग लोक त्यांच्याशी ओरडून बोलायला लागले, जणू कान गेलेत. त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी बोलायचे. जेवल्या का, हे त्यांना न विचारता त्यांच्या दिराला, पोपटला विचारायचे. इंदूबाई आतल्या आत जळायच्या.

शहाऐंशी साली त्यांचा भाचा सखा जहाजावरून सुट्टीला आला. येताना त्याने एक छोटा कॉम्प्युटर आणला. जाड वहीएवढा, चार सेलवर चालणारा. खाली टाइपरायटरसारखी बटणं, वर करड्या काचेवर उमटणाऱ्या आठ ओळी. अक्षरं फक्त इंग्रजी. इंदूबाईंनी त्याच अक्षरांत मराठी लिहायला घेतलं. डाव्या हाताची दोनच बोटं, पण महिन्याभरात ती झरझर चालायला लागली.

तेव्हापासून ते यंत्र त्यांच्या काखेतच असे. एसटीच्या कंडक्टरला गाव सांगायचं तर त्यावर, वाण्याकडे डाळ मागायची तर त्यावर. शेजारच्या गौराबाईंच्या कोंबड्या परसात शिरल्या की भांडणही त्यावरच. गौराबाईंना इंग्रजी अक्षरं येत नव्हती, म्हणून त्या शाळेतल्या मुलांकडून आपल्यालाच दिलेल्या शिव्या वाचून घ्यायच्या. गावात म्हणत, म्हातारपणी बाईला खेळणं मिळालं.

त्या उन्हाळ्यात नदीकडची जमीन मुंबईच्या एका माणसाने फार्महाऊससाठी घेतली. गावच्या बायका धुण्याला जायच्या ती वाट त्याच जमिनीतून जात होती. मालकाला वाट बंद करून तारेचं कुंपण घालायचं होतं, आणि त्याचं गावातलं सगळं काम पोपट बघत होता. ग्रामसभेत विषय निघाला. सरपंच आबाजींनी विचारलं, बायकांपैकी कोणाला काही सांगायचंय का. एकट्या इंदूबाई उठल्या. त्यांनी लिहिलं आणि यंत्र आबाजींपुढे ठेवलं. आबाजींना इंग्रजी येईना. पोपट पुढे सरकला, म्हणाला, मी वाचतो.

त्याने काचेवर नजर फिरवली आणि मोठ्याने वाचलं, "दुसरीकडून वाट देत असतील तर माझी हरकत नाय."

इंदूबाईंना क्षणभर कळेचना. त्यांनी लिहिलं होतं, ही वाट आमच्या सासवांच्या आधीपासूनची आहे, कुंपणाला माझी हरकत आहे. त्यांनी जोरजोरात मान हलवली, टेबलावर हात आपटला. पोपट शांतपणे म्हणाला, वहिनी दमल्यात, त्यांना घरी न्या. दोन माणसं त्यांना धरायला पुढे आली.

तेव्हा मात्र बाईंचा संताप अनावर झाला. स्वतःच्या घरातला माणूस भर सभेत त्यांच्या तोंडात आपलं वाक्य घालत होता, आणि त्यांना नाही म्हणून ओरडताही येत नव्हतं. त्यांनी यंत्र ओढून घेतलं, त्या माणसांना कोपराने ढकललं आणि मागे बसलेल्या भागीच्या मांडीवर ते ठेवलं. भागी आरोग्य केंद्रातली नर्स. तिने आधी मनात वाचलं, मग उभं राहून शब्दन् शब्द वाचून दाखवला.

सभेत गलका झाला. आबाजींनी पोपटकडे बघितलं. पोपट म्हणाला, "यंत्र हाय ते. त्याचं काय धरून बसता?" आबाजींनाही ते सोयीचं वाटलं. यंत्राचं बोलणं इतिवृत्तात कसं लिहायचं, असं ते म्हणाले.

इंदूबाईंनी भागीच्या मांडीवरून यंत्र परत घेतलं. त्यांनी लिहिलं आणि भागीने वाचलं, "इतकी वर्षं तुमचे फोन मी जोडून दिले. माझा आवाज तारेतून यायचा. तेव्हा तो यंत्राचा होता का?"

गौराबाई उठल्या. कोंबड्यांच्या भांडणापासून त्या इंदूबाईंशी बोलत नव्हत्या. त्या म्हणाल्या, "माजी बी हरकत हाय. लिवा." मग एकेक करत बाकीच्या बायकाही उठल्या.

कुंपण झालं, पण वाट सोडून. तरी इतिवृत्तात लिहिलं गेलं, 'महिलांनी हरकत घेतली.' इंदूबाईंचं नाव नव्हतं. त्या पंचायतीत जाऊन टेबलापाशी बसल्या आणि ग्रामसेवकाने नाव घालेपर्यंत हलल्या नाहीत.

दिवाळीत पोपट फराळाचं ताट घेऊन आला. इंग्रजी अक्षरं, वाचण्यात चूक झाली, म्हणाला. कॉम्प्युटर इंदूबाईंच्या मांडीवरच होता. त्यांनी तो बंद करून ठेवला आणि पोपट उठून जाईपर्यंत त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.