सायीतला लसूण

आमच्या घरात मांजरी एकच होती आणि ती माझी होती. मोठ्या भावाचं लग्न झालं, दुसरबीडची वहिनी लोणारला आमच्या घरी आली आणि महिन्याभरात मांजरी तिची झाली. वहिनी भाकरी थापायला बसली की मांजरी तिच्या पाठीला पाठ लावून बसायची. भाऊ तर आधीच तिकडचा झाला होता. पण मांजरीचं जाणं मला जास्त लागलं.

वडील मजुरांच्या सभांना जात आणि येताना पत्रकं आणत. मी त्यांवरच वाचायला शिकले. छापलेलं ते खरं, चुलीपाशी बायका बोलतात ते अडाणीपण, असं मी धरून चालले होते. आरोग्याच्या एका पत्रकात होतं की लसणानं पोटातले जंत जातात, गरिबानं तो रोज खावा. मांजराचं नाव त्यात कुठंच नव्हतं. पण मांजरीचं पोट फुगल्यासारखं दिसत होतं, आणि तिची खरी काळजी मलाच आहे हे मला वहिनीला दाखवायचं होतं. मी लसणाची पाकळी ठेचून तुपात परतायची, सायीत कालवायची, त्यात भाकरी कुस्करायची. सायीपायी मांजरी माझ्याकडे येऊ लागली. ते चार दिवस मी फार सुखात होते.

मग वहिनीला वास आला.

"बाई, तिले लसूण काऊन देऊन राह्यल्या? मायच्या घरी आम्ही मांजरीले फोडणीचं वरणसुद्धा घालत नव्हतो."

"कुठं लिहेल हाय तसं?"

"लिहेल नाही. माय सांगे."

"मायनं सांगतलं म्हणून खरं व्हते काय?"

"नसन होत. पण तुमच्या त्या कागदात तरी मांजर हाय काय?"

दुसऱ्या दिवसापासून मी दोन पाकळ्या घालू लागले.

आठवड्याभरात मांजरी उडी मारेनाशी झाली. लघवी काळपट तांबडी होऊ लागली. वहिनीनं तिचं तोंड उघडून पाहिलं, तर हिरड्या पांढऱ्याफटक. तिनं मांजरीला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि आम्ही दोघी ढोरांच्या दवाखान्यात गेलो.

"काय खाऊ घातलं?" डॉक्टरांनी विचारलं.

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं आणि मांजरीभोवतीचं लुगडं सारखं केलं. तिनं सांगून टाकलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"लसूण," मी म्हणाले. "मीच दिला. रोज."

"लसूण काय, कांदा काय, कच्चा असो का शिजवलेला, मांजराचं रक्त खराब करते. जंताचं औषध वेगळं असते, ते इथं विचारायचं. आता बंद करा. वाचली तर वाचली."

ती वाचली, पण उठून चालायला पंधरा-वीस दिवस लागले. तोवर खायची ती वहिनीच्याच बोटांवरून. मी राखेनं हात घासून आले तरी तोंड फिरवायची.

"या बाई, तुम्ही धरा वाटी," एकदा वहिनी म्हणाली. टोमणा नव्हता तो. मी वाटी धरली. मांजरी दूध प्यायली, पण तिचे डोळे वहिनीवर होते. मला वहिनीचा राग आला, आणि ती पहिल्यापासून बरोबर होती म्हणून तो अधिकच आला. तरी वाटी रिकामी होईपर्यंत मी हात हलू दिला नाही.