देवाजींची पांढरी टेप

ठिबकता पंप देवाजी गभण्यांना खपत नसे. एकतीस वर्षे त्यांनी सरकारी हातपंप दुरुस्त केले. निवृत्तीनंतरही करडी गावाच्या वाटेवर कुणाच्या दारचा नळ गळताना दिसला की ते सायकल उभी करीत आणि पिशवीतून पाना काढीत. "घरचं छप्पर गळते, ते नाही दिसत," असे शकुनबाई आपल्या नवऱ्याला ऐकवीत. पण पान्याला तेल लावून ठेवीत त्याच.

टोलीतल्या, म्हणजे त्यांच्या छोट्या वस्तीतल्या, हातपंपाच्या पाण्यावर वर्षभरापासून फेस येत होता. जवळच्या विमानांच्या धावपट्टीवर आग विझवण्याचा सराव चाले. तिथे फवारलेला फेस नाल्याने धानाच्या बांध्यांत उतरे आणि जमिनीत मुरे. देवाजींच्या पुतण्याने, मंगेशने, सहा महिने अर्ज केले, तेव्हा कुठे तपासणीची तारीख मिळाली. आदल्या दिवशी देवाजींनी मंगेशला हाताशी घेऊन पंप उघडला, सांधे घासले आणि पांढरी टेप गुंडाळून घट्ट कसले. पाहुण्यांसमोर थेंबही गळायला नको!

प्रयोगशाळेतून हर्षा नावाची मुलगी आली. तिने बाटल्या भरल्या, पेटी बंद केली आणि फॉर्म लिहिताना विचारले, "इतक्यात पंपाचं काही काम केलं? पांढरी टेप वगैरे लावली?"

"नाही, काहीच नाही," मंगेश घाईने म्हणाला.

"कायले विचारतेस, बाई?" देवाजींनी विचारले.

"फेसातल्या रसायनांच्याच जातीची असते ती टेप, काका. तिचा अंश पाण्यात उतरला तर आकडा खोटा येतो."

मंगेशने काकांकडे डोळे वटारून पाहिले. देवाजी ओट्यावरून उठले.

"लावली. काल. म्याच लावली."

"काका! काहून बोलले? सहा महिने अर्ज करून राहिलो ना मी!"

"अन् धावपट्टीवाले म्हणतीन, हे त् देवाजीच्या टेपीचं जहर हाये, मंग? तुहा अर्ज बी गेला, न् माही एकतीस वर्सं बी."

हर्षाने सगळ्या बाटल्या रद्द केल्या. "टेप काढा आणि पंप रोज हापसत राहा. तीन आठवड्यांनी येते. तोवर हे पाणी पिऊ नका."

देवाजींनी पाइप पुन्हा वर ओढले. नखाने खरवडून टेपेचा धागान्‌धागा काढला आणि जुन्या रीतीने नुसती सुतळी वळली. पंप ठिबकू लागला. देवाजी त्याच्याकडे पाठ करून बसत.

"हात शिवशिवून राहिले ना?" शकुनबाई हसत. "पाना लपवला हाये म्या."

हर्षा परत आली त्या दिवशी, तिने सांगितल्याप्रमाणे, देवाजींच्या डोक्याला तेल नव्हते आणि अंगात धुवून धुवून विरलेला सदरा होता; तेलातून किंवा नव्या कापडातूनही तसलाच अंश बाटलीत जाऊ शकतो, असे ती म्हणाली होती.

"लग्नात बी कोणाचं एवढं आयकलं नव्हतं यायनं," शकुनबाई तिला म्हणाल्या.

महिन्याभराने निकाल आला. जहर पाण्यात होतेच, आणि आता टेपेकडे बोट दाखवायला जागा नव्हती. टोलीला टँकर मंजूर झाला; हातपंप बंद करायचा हुकूम निघाला.

"काका, जमलं!" मंगेश धावत आला.

देवाजींनी पाना मागितला. शकुनबाईंनी तो धानाच्या ढोलीतून काढून दिला. इतक्या वर्षांत चालता पंप देवाजींनी कधी बंद केला नव्हता. त्यांनी सांधा पुसला, नट सैल केले, दांडा उतरवला आणि खांद्यावर टाकून घरी आणला.

"पाणी सुधरलं का लावून देतो," ते म्हणाले.

शकुनबाईंनी दांडा भिंतीशी उभा केला आणि तेलाची वाटी आणायला आत गेल्या.