चार इंच दोन सूत

नगरच्या एका गोल्फ क्लबच्या ऑफिसात मी नोकरीला आहे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. कर्जतला बी.कॉम. केलेल्या माणसाला गोल्फ क्लबात कोण घेतं, असं मला अजूनही वाटतं. सेक्रेटरी साहेबांनी घेतलं. ते निवृत्त फौजी. मुलाखतीत त्यांनी एकच विचारलं, समोर लिहिलेलं नीट वाचतोस का. मी हो म्हणालो. पहिल्याच दिवशी त्यांनी गोल्फच्या नियमांचं पुस्तक हातात ठेवलं. मी ते परीक्षेसारखं वाचलं. परीक्षा झाली नाही, पण नोकरी टिकली.

गोल्फमध्ये सुरुवातीचा फटका मारताना चेंडू एका छोट्या खुंटीवर ठेवता येतो. तिला टी म्हणतात. आमचं ग्राउंड मुरमाचं आहे. उन्हाळ्यात प्लॅस्टिकची टी त्यात जात नाही, मोडते. खेळाडू आधी जाड खिळ्याने भोक पाडतात, तरी मोडते. वार्षिक स्पर्धा जवळ आली तेव्हा साहेब वैतागून म्हणाले की लाकडाच्या दणकट टी कोणी करून देईल का. वडील देतील, असं मी बोलून गेलो.

वडील सुतार. गावातली बहुतेक औतं आणि कुळव त्यांच्या हातचे. मग ट्रॅक्टर आले, अवजारं लोखंडी झाली आणि लाटणी, खाटेचे पाय कातायचा लेथ तेवढा उरला. दोन वर्षांपासून त्याच्यावरही पोतं टाकलेलं होतं. वडील ओट्यावर बसून रस्ता बघायचे. आई म्हणायची, आजारी असते तर दवाखान्यात तरी नेलं असतं. ते पोतं निघावं, एवढंच माझ्या मनात होतं.

नमुन्याची टी साडेतीन इंचांची होती. ती वडिलांना देऊन मी म्हणालो, अशा शंभर करा. त्यांनी ती फिरवून पाहिली आणि हिला काय बांधतात ते विचारलं. काही बांधत नाहीत, वर चेंडू ठेवून मारतात, असं मी सांगितलं. मग तो खालीच का ठेवत नाहीत? उंच ठेवला की लांब जातो. यावर त्यांनी पुढं विचारलं नाही. पोतं मात्र काढलं.

पंधरा दिवसांनी गेलो तर शंभर टी तयार होत्या. सगळ्या बाभळीच्या, वरची वाटी बोट फिरवत राहावं अशी. मी पट्टी लावली. चार इंच दोन सूत, म्हणजे सव्वाचार इंच. दुसरीही तेवढीच, शंभरावीही तेवढीच. नमुन्यापेक्षा नेमकं एक बोट जास्त. आमच्या घरची ती रीतच आहे. खुंटी ठोकून ठोकून झिजते, टोक बोथट होतं. पुन्हा तासायला गिऱ्हाइकाकडं लाकूड उरावं म्हणून मागितल्यापेक्षा बोटभर लांब द्यायची. नियमाच्या पुस्तकात मात्र टी चार इंचांपेक्षा लांब नसावी असं लिहिलेलं होतं, आणि ते मला पाठ होतं.

सोमवारी एक टी मी साहेबांच्या टेबलावर ठेवली. लाकडाचं त्यांनी कौतुक केलं, मोजली आणि माझ्याकडं सरकवली. दोन सूत तर जमिनीतच जाणार, असं मी म्हणालो. साहेब म्हणाले, नियम टीची लांबी बघतो, चेंडूची उंची बघत नाही. चेंडू आणखी वर हवा असेल तर खाली वाळूचा ढीग करा आणि त्यात टी रोवा, ते चालतं. मी पुस्तक उघडून बघितलं. चालत होतं.

रविवारी टीची पिशवी घेऊन गावी गेलो आणि हे सगळं वडिलांना सांगितलं. त्यांनी पिशवीतली एक टी काढून बोटांत फिरवली.

"म्हंजी मातीला माप न्हाई," ते म्हणाले.

"नाही."

"आन् लाकडाला हाय."

"हो दादा."

"मग त्यास्नी मातीच न्या म्हनावं." त्यांनी टीची पिशवी माझ्यापुढं टाकली आणि लेथवर पोतं ओढलं. आई दारात उभी होती. तिनं पोत्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

मला दुसरं काही सुचलं नाही. मी कानस घेतली आणि ओट्यावर बसून टोकं घासायला लागलो. बाभळीचं लाकूड माझं ऐकत नव्हतं. एका टीचं टोक वाकडं झालं, दुसरीचं चपटं, तिसरी खडूसारखी दिसायला लागली. मी मन लावून बारा टी बिघडवल्या. प्रत्येक टी मोजून बाजूला ठेवत होतो. लांबी सगळ्यांची बरोबर होती.

तेराव्या टीला वडील उठले.

"आरं, ह्येला काय शिक्षन म्हनायचं का? ठिव ती."

त्यांनी कानस माझ्या हातातून काढून घेतली, पोतं खाली टाकलं आणि लेथ चालू केला. उरलेल्या अठ्ठ्याऐंशी दिवस मावळायच्या आत झाल्या. माझ्या बारा त्यांनी चुलीत टाकायला आईकडं दिल्या आणि त्यांच्या जागी नव्या कातल्या. मी पट्टी लावायला गेलो तर म्हणाले, लावू नकोस. मी लावली नाही. एसटीत बसल्यावर लावली. चार इंच, वर एक केसही नाही.

साहेबांनी स्पर्धेच्या आदल्या दिवशी दहा टी मोजल्या. नमुना साडेतीनचा असताना चार का, असं त्यांनी विचारलं. नियमात जेवढं बसतं तेवढं वडिलांनी दिलंय, असं मी सांगितलं. ते हसले नाहीत. दोन दिवसांच्या खेळात त्यातल्या तीन मोडल्या.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी आणखी दोनशे सांगितल्या. या वेळी साडेतीनच्याच करा म्हणावं, उगाच लाकूड कशाला घालवायचं. त्यांनी रजिस्टरला तसं लिहिलंही. मी त्यांच्यासमोरच वडिलांना फोन लावला आणि माप सांगितलं.

"नियम बदललाय का?" वडिलांनी विचारलं.

"नाही."

"मग चारच्या करतो. साहेबाला म्हनावं, बसतंय."

मी साहेबांना तसंच सांगितलं. त्यांनी पेन उघडलं, साडेतीन खोडलं आणि वर चार लिहिलं.