दत्तोबाच्या पावलावरचा ढोल

दत्तोबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी चाकणच्या मार्केटात कांद्याच्या गोणीवर बसून चहा पीत होतो. झोपेतच गेला म्हणे. ना दवाखाना, ना सुया, ना नळ्या. डोळ्यांत पाणी आलंच, पण त्याआधी पोटात जळलं. लेकाच्याने मरणातही माझ्याआधी नंबर लावला, आणि तोही असा झकास...

आम्ही दोघं मोशीचे, एकाच आळीत वाढलेले. जत्रेत पालखीपुढे निशाण धरायचा मान मिळावा, एवढी एकच हाव मला जन्मभर. पण तो दरवर्षी दत्तोबाकडेच जायचा. निशाणवाला ज्या पावलाने चालेल त्या ठेक्यावर ढोल वाजतो, आणि दारोदारी बायका त्याच्या पायांवर पाणी घालतात. कंपनीत प्रेस मशीनखाली दत्तोबाचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून गेला, तेव्हा मी असा रडलो की इंद्रायणीला पूर आला. मनात मात्र म्हटलं, चला, निशाण आता आपलं. तर हा पुढच्या जत्रेला कृत्रिम पायावर हजर! डाव्या चवड्यावर उंच व्हायचा, उजवा पाय खुब्यातून बाहेर फेकून अर्धा गोल काढायचा, मग त्याच अंगाला खांदा टाकून झुकायचा. म्हाताऱ्यांनी निशाण त्यालाच दिलं. ढोलवाल्यांनीही ठेका बदलला, एक ठोका लांब, एक आखूड. तो बघायला हायवेवरचे ट्रक थांबायचे आणि पार चाकणपर्यंत रांग लागायची. माझ्या दोन धड पायांकडे कुत्रं बघत नव्हतं. घरात बायको म्हणायची, "भाऊजी कसं डौलात चालत्यात. न्हाईतर तुमी."

पुढे त्याच्या लेकीने आपोआप वाकणाऱ्या गुडघ्याचा भारी पाय आणला. मी खूश. आता हा चारचौघांसारखा चालणार. पाय बसवणारा माणूस त्याला आरशासमोर सरळ चालवून चालवून थकला. गुडघा वाकायचा, पण इतक्या वर्षांचा खुबा ऐकायचा नाही. दत्तोबाने मला डोळा मारला. "पाय नवा हाय राव. चालणारा जुनाच हाय."

यंदा निशाण माझ्या हाती आलं. छाती फुगवून निघालो, तर ढोल त्याच्याच ठेक्यावर. सरळ वाजवा म्हणून खुणावलं, तर म्हातारा ढोलवाला म्हणाला, "हात ऐकंना, भाऊ." माझं पाऊल सारखं ठोक्याबाहेर पडायचं, आळी हसायला लागली. मग काय करता... चवड्यावर उठलो, उजवा पाय बाहेर फेकला, खांदा टाकला. ठेका बसला.

तसाच त्याच्या दारात पोचलो. वहिनी तांब्या घेऊन बाहेर आल्या. त्यांच्यामागे कोपऱ्यात तो भारी पाय भिंतीला टेकून उभा होता. कृत्रिम पाय भिजायला नको म्हणून इतकी वर्षं वहिनी दत्तोबाच्या डाव्याच पायावर पाणी घालायच्या. आताही त्यांनी वाकून माझ्या डाव्या पायावर पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि तांब्या घेऊन आत गेल्या.

माझा उजवा कोरडाच राहिला. मी तो बाहेर फेकला, आणि पुढच्या दाराकडे निघालो.